हीमच्या कारखान्याची दारे

शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी वाटण्याचे काम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलेले आहे. सहावी ते बारावीच्या मुलामुलींसाठी असलेल्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. रिकाम्या पोटी घ्यायची नाही ही सूचना, तोंड वाकडे करून गोळी गिळणारी मुले, नोंदवहीतल्या खुणा, हे सारे ओळखीचे झाले आहे. लोहाने रक्त वाढते एवढे सांगून आपण पुढच्या रांगेकडे वळतो. पण एखादी चौकस मुलगी विचारतेच : "बाई, लोह तर खिळ्यातही असतं. मग त्याचं रक्त कसं होतं?"

हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, हे पाठ्यपुस्तकातले उत्तर खरे आहे, पण ते अर्धेच आहे. रक्तात आलेले लोह आपण होऊन हिमोग्लोबिनमध्ये जाऊन बसत नाही. त्याला अस्थिमज्जेतल्या एखाद्या बालपेशीत शिरावे लागते, त्या पेशीतल्या तंतुकणिकेपर्यंत जावे लागते आणि तंतुकणिकेच्याही अगदी आतल्या दालनात पोचावे लागते. ते ज्या चौकटीत बसणार ती चौकट तेथे त्याच वेळी तयार असावी लागते. त्या चौकटीचा कच्चा मालही याच दालनात दारातून आणावा लागतो. दार बिघडले तर कोठारात लोह असूनही रक्त तयार होत नाही. ही दारे कोणती आणि ती कशी सापडली, ते या लेखात पाहू.

आधी चौकटीविषयी. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीच्या खोबणीत हीम नावाचा एक चपटा रेणू बसलेला असतो. चार लहान पंचकोनी कडी एकमेकांना जोडून तयार झालेले एक मोठे कडे आणि मधोमध लोहाचा एक अणू, अशी हीमची रचना आहे. प्रत्येक पंचकोनातला नायट्रोजनचा अणू आतल्या बाजूला वळलेला असतो आणि हे चार नायट्रोजन मिळून लोहाला धरून ठेवतात. वनस्पतींच्या हरितद्रव्यात जवळजवळ असेच कडे असते, फक्त मध्ये लोहाऐवजी मॅग्नेशियम असते. अकरावी-बारावीच्या वर्गात ही दोन्ही चित्रे फळ्यावर शेजारी शेजारी काढून पाहा. पान हिरवे आणि रक्त लाल का, या प्रश्नापासून मुलांना पुष्कळ पुढे नेता येते.

हे कडे शरीर कशापासून बनवते, याचा पहिला धागा एका शास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या प्रयोगातून मिळाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड शेमिन यांनी १९४०च्या दशकात ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल तयार केले. त्यातला नायट्रोजन मात्र नेहमीचा नव्हता, तर १५ वस्तुमानांकाचा जड समस्थानिक होता. हा समस्थानिक किरणोत्सारी नाही, त्यामुळे धोका नव्हता. तीन दिवसांत त्यांनी असे ६६ ग्रॅम ग्लायसीन खाल्ले आणि मग कित्येक आठवडे स्वतःचे रक्त काढून त्यातले हीम तपासत राहिले. जड नायट्रोजन हीममध्ये उतरला होता. तो वाढत गेला, बराच काळ तसाच टिकला आणि मग उतरू लागला. त्यातून एकाच वेळी दोन गोष्टी हाती आल्या. हीममधला नायट्रोजन ग्लायसीनमधून येतो, ही एक. दुसरी म्हणजे तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पाठ्यपुस्तकात आपण हा आकडा सहज वाचून दाखवतो. तो मोजण्यात शेमिन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड रिटेनबर्ग यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे हे काम १९४५-४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढच्या संशोधनात हिशेब पुरा झाला. एका हीमसाठी ग्लायसीनचे ८ आणि सक्सिनिल कोएन्झाइम-ए या संयुगाचे ८ रेणू लागतात. विद्यार्थ्यांना येथे एक छान गणित घालता येईल. ग्लायसीनमध्ये कार्बनचे २ अणू असतात आणि सक्सिनिल गटात ४. म्हणजे एकूण १६ आणि ३२ मिळून ४८ झाले. हीममध्ये मात्र कार्बनचे ३४ अणूच असतात. मग उरलेले १४ कोठे गेले? ते वाटेत कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात : ८ पहिल्याच पायरीवर आणि ६ नंतरच्या पायऱ्यांवर. तसेच ८ नायट्रोजनपैकी ४ अमोनियाच्या रूपात सुटतात आणि ४ कड्यात राहतात.

आता मालाची मागणी किती आहे ते पाहा. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, म्हणजे हीमचे १०० कोटींहून अधिक. एका सेकंदाला लागणाऱ्या हीमची संख्या लिहायची तर २ वर १५ शून्ये द्यावी लागतात. ग्लायसीन त्याच्या आठपट लागते. हा सगळा माल दारातून आत न्यायचा आहे.

आतबाहेरची ही ये-जा जरा विचित्र आहे. हीम तयार होण्याच्या आठ पायऱ्या आहेत. पहिली पायरी तंतुकणिकेच्या आतल्या दालनात होते. तेथे ग्लायसीन आणि सक्सिनिल कोएन्झाइम-ए जुळून एक लहान रेणू बनतो. पुढच्या चार पायऱ्यांसाठी हा रेणू तंतुकणिकेबाहेर, पेशीद्रवात येतो. तेथे असे आठ रेणू जोडून कडे घडवले जाते. (शिशाची विषबाधा झाल्यावर रक्तक्षय का होतो, याचे एक उत्तर याच टप्प्यावर आहे. पेशीद्रवातल्या पहिल्याच विकराला शिसे निकामी करते.) मग अर्धवट तयार झालेले कडे पुन्हा तंतुकणिकेकडे परतते आणि शेवटच्या तीन पायऱ्या तेथे पार पडतात. अगदी शेवटी त्यात लोह बसवले जाते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तंतुकणिकांचे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते, हे आता सर्वमान्य आहे. दोन घरांचा संसार एकत्र आला, की थोडे काम या घरात आणि थोडे त्या घरात अशी वाटणी उरतेच, असे आपण तूर्त समजू.

हे घर मात्र साध्या भिंतींचे नाही. तंतुकणिकेला दोन पटले असतात. बाहेरच्या पटलात रुंद भोके असलेली प्रथिने आहेत, त्यामुळे लहान रेणू त्यातून सहज ये-जा करतात. आतल्या पटलाची गोष्ट निराळी आहे. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या ऊर्जेवर तंतुकणिका हायड्रोजनचे आयन आतून बाहेर उपसते. मग ते आयन परत आत येताना त्यांच्या रेट्यावर एटीपी तयार होते. धरणातल्या पाण्यावर जनित्र फिरते, तसाच हा प्रकार आहे. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. सुरुवातीला तिची बरीच चेष्टा झाली, पण १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल पारितोषिक मिळाले. धरणाच्या भिंतीला भोके पाडून चालत नाही. हायड्रोजन आयनासारख्या चिमुकल्या कणालाही जे पटल गळू देत नाही, त्यातून ग्लायसीन किंवा लोह तरी फुकट कसे जाणार?

यावरचा उपाय जुन्या वाड्याच्या देवडीसारखा आहे. देवडीला दोन दरवाजे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी उघडायचे नाहीत, असा नियम आहे असे समजा. पाहुणा बाहेरच्या दारातून देवडीत येतो, ते दार बंद होते आणि मगच आतले दार उघडते. आतल्या पटलातली वाहक प्रथिने अशीच चालतात. ठरावीक रेणू खोबणीत बसला की प्रथिनाचा आकार बदलतो, बाहेरचे तोंड मिटते आणि आतले उघडते. आरपार भोक कोणत्याही क्षणी नसते. माणसात अशा वाहकांचे एक मोठे कुटुंब आहे. त्यात ५३ सदस्य आहेत आणि प्रत्येकाचा पाहुणा ठरलेला आहे. शास्त्रज्ञ या कुटुंबाला एसएलसी२५ म्हणतात आणि सदस्यांना क्रमांकाने ओळखतात. हीमच्या गोष्टीत आपल्याला ३७ आणि ३८ या दोन क्रमांकांची गरज पडणार आहे.

सक्सिनिल कोएन्झाइम-ए आतल्या दालनातच, क्रेब्ज चक्रात तयार होते. त्याला दार लागत नाही. ग्लायसीनला लागते. पण ते दार कोणते, हे २००९ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचा शोध आजारी मुलांमुळे लागला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांतील काही कुटुंबांत जन्मापासून तीव्र रक्तक्षय असलेली मुले होती. त्यांच्या अस्थिमज्जेचा नमुना घेऊन त्यावर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्ल घातले, की बालपेशींच्या केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांची माळ दिसे. प्रयोगशाळेत फेरिक क्षार ओळखण्यासाठी आपण जी प्रशियन निळ्या रंगाची परीक्षा करतो, तीच ही परीक्षा. निळा रंग याचा अर्थ लोह. हे लोह साचले होते तंतुकणिकांमध्ये. म्हणजे या मुलांच्या पेशींत लोह पोचत होते, तंतुकणिकेच्या आतही जात होते. पण त्याला बसायला कडेच नव्हते, म्हणून ते तेथेच तुंबून राहत होते.

हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठातल्या डुएन गर्न्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबांच्या जनुकांचा माग काढला. बिघाड सापडला तो वाहक कुटुंबातल्या ३८व्या सदस्यात. झेब्रा माशाच्या पिल्लांत हेच जनुक दाबून टाकल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला. यीस्टमध्येही या वाहकाचा एक भाऊबंद आहे. तो काढून टाकल्यास यीस्टमधले हीम घटते आणि बाहेरून भरपूर ग्लायसीन दिल्यास ते पुन्हा वाढते, असे २०१६ मध्ये दिसून आले. दाराचा माग लागला, ग्लायसीन त्यातूनच आत जाते, असे सगळ्यांनी धरले.

विज्ञानाची गंमत अशी की हे प्रकरण तेथे मिटले नाही. हीमच्या पहिल्या पायरीवरच्या विकराला काम करण्यासाठी ब६ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप लागते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ३८व्या वाहकाविना पेशी वाढवल्या, तेव्हा तंतुकणिकांमधले हे ब६ कमी झालेले आढळले. पेशीत इतरत्र मात्र ते पुरेसे होते. त्यावरून या संशोधकांनी सुचवले आहे, की हे दार ग्लायसीनचे नसून ब६ जीवनसत्त्वाचे असावे. दोन्ही बाजूंचे पुरावे वाचले की एक लक्षात येते. दार बंद झाल्यावर काय अडते हे पाहणे सोपे असते, पण दारातून नेमके कोण जात होते हे सांगणे त्या मानाने फार अवघड. ब६ आत नसेल, तर ग्लायसीन असूनही पहिली पायरी अडणार, आणि ग्लायसीन नसेल तरी ती अडणारच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घटना सारख्याच दिसतात. आजारी मुलाच्या दृष्टीने मात्र हा वाद कोरडा नाही, कारण कोणता पदार्थ अडला आहे यावर औषधाची दिशा ठरते. या बिघाडावर आज मुख्यतः रक्त चढवणे आणि शक्य झाल्यास अस्थिमज्जेचे रोपण हेच उपाय आहेत.

आता लोहाचे दार. ते माशांमुळे सापडले. झेब्रा मासा हा मूळचा आपल्याकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. त्याची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत फिरणारे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसते. १९९०च्या दशकात या माशांत मुद्दाम उत्परिवर्तने घडवून फिकट रक्ताची पिल्ले शोधण्याचे मोठे प्रयत्न झाले. सापडलेल्या फिक्या वाणांना शास्त्रज्ञांनी मद्यांची नावे दिली : शार्डोने, सोटर्न, फ्रास्काती. एकेका वाणाने हीमच्या वाटेवरचे एकेक ठिकाण दाखवून दिले. सोटर्नमध्ये हीमच्या पहिल्या पायरीचे विकर बिघडलेले निघाले, तर शार्डोनेमध्ये लोह पेशीद्रवात आणणारे प्रथिन.

फ्रास्काती माशाच्या पिल्लांचे रक्त जवळजवळ रंगहीन होते. बॉस्टनमध्ये बॅरी पॉ यांच्या गटाने २००६ मध्ये त्याचे कारण शोधले. बिघाड वाहक कुटुंबाच्या ३७व्या सदस्यात होता. त्याला त्यांनी मायटोफेरिन हे नाव दिले. उंदराचे मायटोफेरिन या पिल्लांना दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले. माशाच्या मायटोफेरिनने यीस्टमधली उणीवही भरून काढली. यीस्ट, मासा आणि उंदीर यांना एकच दार चालावे, ही साधी गोष्ट नाही. हे दार फार जुने आहे, असा त्याचा अर्थ होतो. लोहाला आत येण्यासाठी विजेचीही मदत होते. हायड्रोजन आयन बाहेर उपसल्यामुळे पटलाची आतली बाजू ऋणभारित झालेली असते आणि लोहाचा आयन धनभारित असतो.

दारापर्यंत लोह कसे येते, हेही रंजक आहे. रक्तात ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोहाला पाठीवर घेऊन फिरते. बालपेशी ट्रान्सफेरिनसकट ते एका इवल्याशा पिशवीत ओढून घेते. मोकळे लोह पेशीत फिरू देणे धोक्याचे असते, कारण त्याच्यामुळे हानिकारक मूलके तयार होतात. या बालपेशींत पिशवी थेट तंतुकणिकेला जाऊन चिकटते, लोह पोचते करते आणि दूर होते, असे मॉन्ट्रियलच्या प्रेम पोन्का यांच्या गटाला दिसून आले. म्हणजे वाटेत उघड्यावर न ठेवता माल या हातातून त्या हातात दिला जातो.

मधल्या प्रवासाची, म्हणजे पेशीद्रवात घडलेले कडे तंतुकणिकेकडे परत कसे येते याची, गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. २००६ मध्येच एबीसीबी६ नावाचे एक प्रथिन हे कडे तंतुकणिकेत ओढून घेते, असे जाहीर झाले. पुरावा चांगला होता आणि अनेक पुस्तकांतल्या आकृत्यांत ते प्रथिन जाऊनही बसले. मग २०१२ मध्ये अगदी वेगळ्या दिशेने एक बातमी आली. लॅन नावाचा एक रक्तगट १९६१ पासून माहीत आहे. बहुतेक सर्व माणसे लॅन-धन असतात, लॅन-ऋण माणसे अत्यंत विरळ. लॅन म्हणजे नेमके कोणते प्रथिन, याचा शोध घेताना ते एबीसीबी६ निघाले. लॅन-ऋण माणसांत हे प्रथिन मुळीच नसते, आणि तरी ही माणसे निरोगी असतात, त्यांना रक्तक्षय नसतो. ज्या दाराविना घर व्यवस्थित चालते, ते एकमेव दार असू शकत नाही. रक्तपेढीतल्या एका कोड्याने पेशीविज्ञानातला निष्कर्ष असा मागे खेचला.

परतलेले कडे आणखी एक पायरी दोन पटलांच्या मधल्या जागेत ओलांडते. त्यानंतर आतले पटल पार करताना टीएमईएम१४सी हे प्रथिन लागते, असे २०१४ मध्ये दाखवले गेले. या टप्प्यावरच्या रेणूंना रंग नसतो. वाटेत रेंगाळले तर ते ऑक्सिजनशी संयोग पावून जांभळट-तांबडे पॉर्फिरिन होतात. पॉर्फिरिन हे नावच जांभळ्या रंगावरून आलेले आहे. पॉर्फिरिन उजेड शोषते आणि उजेडात आजूबाजूच्या पेशींना इजा करते. पॉर्फिरिया या आजारांच्या काही प्रकारांत रुग्णांच्या त्वचेला ऊन सोसत नाही, ते यामुळेच.

आतल्या पटलाला लागून शेवटचे विकर असते. त्याच्या एका बाजूने कडे येते आणि दुसऱ्या बाजूने लोह. लोह कमी पडले तर हे विकर त्या जागी जस्ताचा अणू बसवते. असे जस्ताचे हीम प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, पण रक्तातले त्याचे प्रमाण मोजून लोहाची टंचाई ओळखता येते. आणि माल जास्त झाला तर? पहिल्या पायरीचे विकर पेशीद्रवात बनून तंतुकणिकेत आणले जाते. यकृतासारख्या अवयवांच्या पेशींत हीम साचू लागले, की तेच या विकराला आत येण्यापासून अडवते. तांबड्या पेशींच्या बालपेशींत लगाम लोहाच्या हाती आहे. लोह नसेल तर तेथे या विकराची निर्मितीच मंदावते.

आता निळ्या गोळीकडे परत येऊ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्याकडे त्याचे मोठे कारण लोहाची कमतरता हे आहे, म्हणून गोळी द्यायलाच हवी. वर वर्णन केलेले दारांचे बिघाड फार विरळ आहेत आणि त्यांच्या धास्तीने कोणी गोळी नाकारू नये. पण नियमित गोळ्या घेऊन, जंतांचे औषध घेऊनही एखाद्या मुलाचे हिमोग्लोबिन वाढतच नसेल, तर 'हा गोळ्या टाकून देत असेल' असे ठरवून मोकळे होऊ नये. त्याला रक्ताच्या पुढच्या तपासणीसाठी पाठवायला हवे. थॅलॅसेमियासारखे आनुवंशिक विकार आपल्याकडे दारांच्या बिघाडांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. अशा मुलांत लोह कमी नसते, तर ते अडून राहिलेले किंवा जास्त झालेले असू शकते. तेथे आणखी लोह देणे म्हणजे बंद दारापुढे गाड्या उभ्या करणे होय.

तांबडी पेशी पूर्ण वाढली, हीम भरपूर झाले, की ती आपले केंद्रक बाहेर टाकते आणि मागोमाग तंतुकणिकाही मोडून टाकते. दारे, विकरे, देवड्या, सारे त्यांच्याबरोबर जाते. पुढचे १२० दिवस ती नवे हीम मुळीच बनवू शकत नाही. पेशी मोडल्यावर तिच्यातले लोह सोडवून पुन्हा अस्थिमज्जेकडे धाडले जाते. नव्या पेशींसाठी रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोहापैकी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आहारातून येते. बाकीचे सगळे जुन्याच पेशींमधले, त्याच दारांतून पुन्हा पुन्हा आत जाणारे.